म्युझियमभोवती नऊ फेऱ्या

मी एक जुनी गाडी आहे. तीन रांगांची, मलई रंगाची, आणि आता कितीही मिनतवाऱ्या केल्या तरी चालू न होणारी. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्याने ती निवांतपणे सांगावी अशी रीत आहे. माझी पंचाईत अशी, की निवांत उभे राहणे मला कधी जमलेच नाही. आज माझी चाके काढून ठेवली आहेत, मी चार विटांवर टेकले आहे, तरीही रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवला की वाटते, चला, निघायला हवे.

माझा जन्म उत्तरेला कडुनाच्या कारखान्यात झाला. माझे सुटे भाग जहाजाने आले, लाकडी पेट्यांतून उतरले आणि तिथल्या कामगारांनी ते जोडले. दारे बसवणारा एक उंच माणूस होता. तो प्रत्येक दार दोनदा आपटून बघायचा आणि दुसऱ्या आवाजावर खूष होऊन मान हलवायचा. माझी पाचही दारे त्याने बसवली. मी अशी दणकट झाले, की बेनिन शहरातल्या उयी नावाच्या तरुण ड्रायव्हरने मला एकदाच बघितले आणि दुसऱ्या गाडीकडे मान वळवली नाही. मागच्या काचेवर त्याने लाल रंगात लिहून घेतले : 'उशीर नाही'.

मग आमचा धंदा सुरू झाला. बेनिन ते लागोस, लागोस ते बेनिन. आत नऊ माणसे, टपावर केळीचे घड, गारीच्या पिठाची पोती, एकदा तर शिलाईचे यंत्र आणि त्याला बांधलेली शेळी. मोटार-अड्ड्यावर माणसे विचारायची, "उयीची गाडी लागलीय का?" दुसरी गाडी समोर रिकामी असली तरी ती माझ्यासाठी थांबायची. उयी वाटेत कुठे थांबत नसे. वाटेतल्या ओरे गावाला सगळे ड्रायव्हर भात खायला उतरायचे. हा मात्र खिडकीतूनच भाजलेले केळे घ्यायचा आणि एका हाताने खात गाडी हाकायचा. लोक त्याचे कौतुक करायचे आणि त्या कौतुकातले अर्धे मला माझे वाटायचे.

पण मित्रांनो, न थांबणाऱ्याची वाट बघणारे कुणीतरी घरी असते. उयीची बायको इझोगी. त्यांची मुलगी इवी जन्मली तेव्हा आम्ही शगामूच्या वळणावर होतो. इझोगीच्या आईला माती दिली तेव्हा आम्ही लागोसला माणसे भरत होतो. संध्याकाळी पोचलो तर पाहुणे निघून चालले होते. इझोगी माझ्या दारापाशी आली, आत बघितले आणि म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय." एवढेच. तिने आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते असे मला वाटले.

इझोगीचे माहेर पितळ ओतणाऱ्यांच्या गल्लीत. तिचे वडील मेणाची मूर्ती घडवायचे, तिच्यावर माती लिंपायचे, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत पितळ ओतायचे. हे काम पुरुषांचे. बायकांनी मेणाला हात लावायचा नाही. पण वडिलांनी हाती घेतलेल्या एका कोंबड्याची शेपूट काही केल्या त्यांच्या मनासारखी होईना. एका दुपारी पुरुषमाणसे जेवायला गेली असताना तेरा वर्षांच्या इझोगीने ती शेपूट घडवून ठेवली. एकेक पीस निराळे, जणू वारा सुटलाय. वडिलांनी ती बघितली, बराच वेळ बघितली आणि तशीच ओतली.

वडील गेल्यावर तो कोंबडा शहराच्या म्युझियमात गेला. खालच्या पाटीवर वडिलांचे नाव आले आणि त्यांच्या मुलाचे, म्हणजे इझोगीच्या थोरल्या भावाचे, ओमोरेग्बेचे. त्या दिवशी मी त्यांच्या दाराशी उभी होते. मला सगळे ऐकू आले.

"माझं नाव लावू नकोस," इझोगी म्हणाली, "पण शेपूट तू केलीस असं तरी सांगू नकोस."

"बाईच्या हाताचं पितळ धरत नाही," ओमोरेग्बे म्हणाला. "गल्लीत कुणालाही विचार."

"धरलंय की! काचेत ठेवलंय ते काय आहे?"

त्याने दार लावून घेतले. त्यानंतर एकतीस वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच शहरात राहून, एकाच बाजारात मिरच्या घेऊन, लोकांच्या लग्नामर्तिकांत समोरासमोर बसून बोलले नाहीत.

माझेही दिवस फिरले. थंडगार हवेच्या नव्या बस आल्या. अड्ड्यावर माझे नाव कुणी घेईना. उयीने एक दिवस मला घरामागे लावले आणि लागोसचा रस्ता आम्हा दोघांसाठी संपला. रविवारी चर्च आणि बुधवारी बाजार, एवढेच उरले. बाकीचे दिवस कोंबड्या माझ्या सावलीत बसायच्या. उयी दर सकाळी येऊन माझ्या बॉनेटवर बोटांनी ताल धरायचा. त्यालाही चैन पडत नसे.

अशात एका सोमवारी इवी मामाचा निरोप घेऊन आली. ती शाळेत शिकवते. तिच्या शाळेची मुले शनिवारी म्युझियमला जाणार होती आणि ओमोरेग्बे त्यांना त्या कोंबड्याबद्दल सांगणार होता.

"आई, मामा म्हणाले, अकरा वाजता ये. पुढच्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची ठेवतायत. सगळ्यांसमोर त्यांना काहीतरी बोलायचंय."

"काय बोलायचंय?"

"ते नाही सांगितलं. पण म्हणाले, खुर्ची रिकामी राहिली तर मी काय ते समजेन. मग पुन्हा विषय काढणार नाही." इवी जरा थांबून म्हणाली, "आई, त्यांची छाती बरी नाही. दोन पावलं चालले की धापा टाकतात."

इझोगी पीठ मळत होती. ती नुसती मळतच राहिली. रात्रीपर्यंत तिने जायचे की नाही ते सांगितले नाही. सकाळी तिचा पोवळ्यांचा सर पेटीतून निघून दोरीवर लटकलेला दिसला आणि सगळ्यांना उत्तर मिळाले.

गुरुवारी माझा स्टार्टर गेला. चावी फिरवली की नुसते टक् टक्. इवी म्हणाली, "बाबा, टॅक्सी करा." उयीला ते लागले. "माझी गाडी दारात असताना माझी बायको भावाकडे भाड्याच्या गाडीतून जाणार?" माझा ऊर भरून आला. खरे सांगायचे तर तेव्हा इवीचेच बरोबर होते.

शनिवारी साडेनऊला शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातल्या दोघांनी मला ढकलून चालू केले.

"पा, मध्ये कुठे बंद करू नका हं," त्यांतला एक ओरडला. "तिकडे ढकलायला आम्ही नसू!" आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला सगळे 'पा' म्हणतात.

इझोगी पुढे बसली होती. डोक्याला जांभळे कडक फडके बांधलेले, गळ्यात पोवळी, हातात काठी. तिचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कामातून गेला होता. मांडीवर एका रुमालात कोलाची चार फळे होती; समेट झाला की ती फोडून वाटून खातात.

"भावाला नेतेयस?" उयीने विचारले.

"तो तोंडाने बोलला तर फोडू. नाही बोलला तर परत आणीन. घरी आपणच खाऊ."

आमचे म्युझियम शहराच्या अगदी मधोमध, एका भल्यामोठ्या गोल चौकाच्या आत आहे. सगळे मोठे रस्ते येऊन त्या गोलात पडतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याच रस्त्याने बाहेर पडायचे असते. आम्ही पोचलो तेव्हा दहाला पाच कमी होते. उयीने ऐटीत मला म्युझियमच्या फाटकापाशी नेले. फाटकावर साखळी लावलेली होती.

"आत जागा नाही, पा," पहारेकरी म्हणाला. "तीन शाळांच्या बस आल्यात. चौथी आली तर ती मला माझ्या डोक्यावर उभी करावी लागेल."

"मी इथेच उतरू का?" इझोगीने विचारले.

"एकटी? आत पायऱ्या आहेत. माझ्या खांद्याशिवाय तू चढणार कशी? थांब, आधी गाडी लावतो. तासभर आहे अजून."

मित्रांनो, त्या एका वाक्याने आमचा घात केला. गाडी लावायची आणि मग चालत यायचे, एवढेच त्याच्या मनात होते. चाळीस वर्षे ज्याने गाडी कुठे लावलीच नाही, त्याला लावण्याची अडचण काय कळणार?

मिशन रोडवर कापडाच्या दुकानापुढे एक जागा होती. तिथे स्टूल ठेवले होते. दुकानदारीण आतूनच ओरडली, "स्टूल दिसतंय ना, पा? ते हवा खायला नाही बसलेलं!"

"स्टूलच बसलंय. माणूस कुठंय?"

"माणूस येतोय. कापड घ्यायला येतोय. तुम्ही घेताय का कापड?"

उयीने क्षणभर खरेच विचार केला. इझोगी म्हणाली, "पुढे चला."

पुढे चर्चच्या आवारात लग्न होते. स्वागताला उभ्या असलेल्या माणसाने वाकून हसत विचारले, "या, या! मुलीकडचे की मुलाकडचे?"

"आम्ही म्युझियमकडचे," उयी म्हणाला.

इझोगीने त्याच्या दंडाला चिमटा काढला, पण तीर सुटला होता. माणसाचे हसू मावळले. "म्युझियमला आम्ही पत्रिका दिलेली नाही," तो म्हणाला आणि हाताने बाहेरचा रस्ता दाखवला.

"मुलीकडचे म्हणायला काय झालं होतं?" बाहेर आल्यावर इझोगी भडकली. "सगळ्या जगाला थापा मारून ओरेच्या पोलिसांतून गाडी काढायचात!"

"चर्चच्या दारात कसं खोटं बोलू?"

"नवऱ्यांना नेमक्या कुठे अकला सुचतात!"

अक्पाक्पावा रस्त्यावर बँकेपुढून एक गाडी निघत होती. उयीने मला थांबवले, जागा मोकळी होऊ दिली, मागे घ्यायला गिअर टाकला, आणि तेवढ्यात एक छोटी पांढरी गाडी मागून सुळकन आत घुसली. त्यातून उतरलेल्या टायवाल्या माणसाने आमच्याकडे बघितलेदेखील नाही. उयीने हॉर्न दाबला. माझा हॉर्न जुना आहे, पण त्या दिवशी मी त्यात जीव ओतला. काही उपयोग झाला नाही. तिथून म्युझियम तसेही लांब पडले असते. इझोगीच्या गुडघ्याला शंभर पावले म्हणजे लागोस.

आम्ही परत गोलात आलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. आणि मग सुरू झाल्या फेऱ्या.

एव्हाना आतल्या बाजूच्या रांगेत बस आणि मोठ्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. फाटकापर्यंत जायला वाट उरली नव्हती. आम्हाला बाहेरच्या कडेने फिरावे लागत होते. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, त्यामुळे म्युझियम सारखे डाव्या हाताला. त्याची लाल भिंत दिसायची, फाटक दिसायचे, पायऱ्यांवरची मुले दिसायची आणि पुन्हा मागे पडायची. फाटकाच्या समोर, बाहेरच्या कडेला, एक वाहतूक पोलीस बाई उभी होती. छातीवर नाव होते रोझलीन. तिने आमच्या तिसऱ्या फेरीला आम्हाला ओळखले.

"पा, रस्ता चुकलात की गोल आवडला?"

"थांबायला जागा दे, पोरी!"

"इथे थांबलात तर उचलून नेतात. तो बघा, ओढायचा ट्रक तिथेच उभा आहे. चला, चला, मागे बस आहे!"

चौथ्या फेरीला इझोगीने काच खाली केली. "बाई, मला त्या फाटकात जायचंय. अकराला."

रोझलीनने तिच्या काठीकडे बघितले. मग कोपऱ्यावरच्या आपल्या साहेबाकडे बघितले. "पुढच्या फेरीला दार उघडून तयार राहा, आई. मी पाच मोजेन. पाचात उतरायचं, मग मी बघते."

पाचव्या फेरीला उयीने मला अलगद कडेला घेतले. इझोगीने दार उघडले, डावा पाय खाली टाकला, काठी टेकली. उजवा गुडघा वळेचना. "एक," रोझलीन म्हणाली. "दोन." मागे हॉर्न सुरू झाले. इझोगीने दोन्ही हातांनी गुडघा धरून उचलायचा प्रयत्न केला. "चार." तिचे बोट माझ्या दारात सापडता सापडता राहिले. उयीने तिला पुन्हा आत ओढले, आणि आम्ही पुढे निघालो. 

माझी स्थिती बिकट होत चालली होती. इतके हळू आणि इतका वेळ मी कधी चालले नव्हते. पाणी उकळायला लागले. काटा लाल रेघेकडे सरकला. पण मला थांबवता येत नव्हते, कारण थांबले की मी तिथेच बसणार होते. उयीने जुन्या ड्रायव्हरांची युक्ती केली. इंजिनची उष्णता आत खेचून घ्यायला त्याने हीटर लावला. भर उन्हात, भट्टीसारखी गरम हवा त्या दोघांच्या तोंडावर यायला लागली. इझोगीची पावडर ओघळली. डोक्यावरचे कडक फडके ओले होऊन वाकले. पाणी विकणाऱ्या बाईकडून उयीने चालत्या गाडीतूनच पाण्याच्या पिशव्या घेतल्या, एक दाताने फोडून तिच्या हातात दिली. तिने निम्मे पाणी पिऊन निम्मे माझ्या डॅशबोर्डवर शिंपडले. त्याने इंजिनला काही फरक पडत नाही. पण मला पडला.

सातव्या फेरीला अकरा वाजले. म्युझियमच्या पायऱ्या रिकाम्या झाल्या. मुले आत गेली होती.

"अजून एकदा मिशन रोडला बघू," उयी म्हणाला. "त्या बाईचं कापड घेतो. वार, दोन वार."

"नको."

"मग सकपोन्बा रस्त्याच्या बाजूला..."

"इवीचे बाबा," इझोगी म्हणाली, "घरी चला."

"अगं, पाचच मिनिटं..."

"खुर्ची बघितली असेल त्याने. समजला असेल. चला घरी. मला सवय आहे."

ती रागाने म्हणाली नाही. जेवण झाकून ठेवलंय म्हणाली होती ना, तसेच म्हणाली. उयीचे हात माझ्या स्टिअरिंगवर घट्ट झाले. ते हात मी चाळीस वर्षे ओळखते. ओल्या रस्त्यावर घसरताना, समोरून लाकडाचा ट्रक येताना, कधीही त्यांनी मला असे घट्ट धरले नव्हते. घराकडे जाणारा रस्ता आला. त्याने वळण घेतले नाही. आठवी फेरी आम्ही पुरी केली आणि नवव्या फेरीला, फाटकाच्या बरोबर समोर, बाहेरच्या कडेला, जिथे थांबायचे नव्हते तिथे त्याने मला थांबवले. आणि चावी फिरवून बंद केले.

मित्रांनो, धावत्या रस्त्यात माझ्या मालकाने आपल्या हाताने मला बंद केले, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

रोझलीन शिट्टी वाजवत धावत आली. "पा! इथे नाही! काय सांगितलं मी?"

"ऐकलंय मी. काय लिहायचं ते लिही."

"लिहिणार नाही, उचलून नेतील! चालू करा, पुढे घ्या!"

"आता ती चालू होत नाही. ढकलावी लागते."

"मग ढकला!"

"कुणी? मी बायकोला घेऊन चाललोय." तो वळसा घालून आला, इझोगीचे दार उघडले आणि खाली बसून तिचा गुडघा दोन्ही हातांनी धरून हळूहळू बाहेर काढला. "घाई नको करूस," तो तिला म्हणाला. मागे बसचा ड्रायव्हर हॉर्नवर झोपल्यासारखा हॉर्न देत होता. "अजिबात घाई नको."

"गाडी जाईल तुमची," इझोगी म्हणाली.

"जाऊ दे."

हे ऐकून मला वाईट वाटले का? वाटले. थोडे वाटले. पण त्याहून मोठे काहीतरी झाले, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही.

रोझलीनने साहेबाकडे एकदा बघितले. मग ती रस्त्याच्या मध्ये गेली आणि दोन्ही हात आडवे केले. बस थांबली, टॅक्सी थांबली, मागचा सगळा गोल थांबला. त्या मोकळ्या झालेल्या रस्त्यावरून, उयीच्या खांद्यावर एक हात आणि काठीवर दुसरा, इझोगी निघाली. एकेक पाऊल. अर्ध्यात रुमाल पडला आणि कोलाची फळे गडगडली. उयी वाकला, चारही वेचली, आणि तोपर्यंतही रोझलीनचे हात खाली आले नाहीत.

"आई, बापाला खांद्यावर घेऊन चाललीयस का?" टॅक्सीवाला ओरडला.

"तुझ्या बापाला आण, त्यालाही नेते!" इझोगी ओरडली. तिचा आवाज कितीतरी वर्षांनी इतका मोठा झाला होता.

दोघे फाटकातून आत गेले. रोझलीन माझ्याकडे परत आली. माझा नंबर तिने नीट, सुवाच्य अक्षरात लिहून घेतला आणि ट्रकला हात केला.

तेव्हा मित्रांनो, आत काय झाले ते मी बघितले नाही. ती गोष्ट घडत होती तेव्हा माझी पुढची चाके हवेत होती आणि ट्रक मला शहराबाहेरच्या आवारात ओढत नेत होता. तिथे मी सहा दिवस काढले. भोवती माझ्यासारख्याच चुकीच्या जागी थांबलेल्या गाड्या होत्या. सरडे माझ्या टपावर ऊन खात बसायचे. खुर्ची भरली की रिकामी राहिली? तो बोलला की नाही? मला विचारता येत नव्हते. एवढी तगमग मला लागोसच्या रस्त्यावरच्या कोंडीतही कधी झाली नाही.

सातव्या दिवशी सकाळी फाटक उघडले. आधी उयी आला. मागून इझोगी, काठी टेकत. आणि तिच्या मागे एक उंच, वाळलेला म्हातारा. बोटांवर भाजल्याचे जुने डाग, दर चार पावलांनी थांबून श्वास घेणारा. मी त्याला लगेच ओळखले नाही. त्याचे लावून घेतलेले दारच मला आठवत होते.

"कुठंय ती?" ओमोरेग्बेने विचारले. "जिच्यापायी मला मुलांसमोर पंचवीस मिनिटं मातीवर बोलायला लावलंस?"

"मातीवर पंचवीस मिनिटं?" उयी हसला.

"काय करू? खुर्ची रिकामी! मुलं चुळबुळायला लागली. एक तर झोपलंच. मी आपला सांगतोय, माती लाल असते, माती काळी असते. मग दार उघडलं आणि ही बाई आली. घामाने चिंब, फडकं कानावर. मला वाटलं नदीतून आली."

"आणि मग तू काय बोललास ते सांग की," इझोगी म्हणाली.

"तू ऐकलंयस."

"गाडीने नाही ऐकलं. तिच्यामुळे पोचले मी."

ओमोरेग्बेने माझ्याकडे बघितले. माझ्या बॉनेटवर हात टेकून तो थोडा वेळ धापा टाकत राहिला. मग म्हणाला, "या कोंबड्याची शेपूट माझ्या बहिणीनं केली. मी एकतीस वर्षं खोटं बोललो. असं बोललो."

"आणि?"

"आणि एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, मग पाटीवर नाव का नाही?"

"मग काय उत्तर दिलंत?" आवारातल्या कारकुनानेच विचारले. तो पावती लिहायची थांबवून ऐकत होता.

"म्युझियमच्या साहेबांनी लिहून घेतलं. बघू म्हणाले."

"बघतील तेव्हा बघतील," इझोगी म्हणाली. "पोरीनं विचारलं ना, बस झालं."

मला चालू करायचा प्रयत्न झाला. चौघांनी ढकलले. मी खरोखर मनापासून जोर केला, पण त्या नऊ फेऱ्यांनी माझे इंजिन आतून तडकले होते. मेकॅनिकने खाली वाकून बघितले, हात पुसले आणि उयीला बाजूला नेऊन सांगितले. उयी परत आला आणि माझ्या बॉनेटवर बोटांनी ताल धरला. बराच वेळ.

"भंगारवाल्याला देणार?" ओमोरेग्बेने विचारले.

"नाही माहीत."

ओमोरेग्बेने माझ्या तोंडाशी वाकून रेडिएटरवर नखाने टिचकी मारली. कान लावून ऐकले. पुन्हा मारली. "ही मला द्या. हे जुनं पितळ आहे. असं आता मिळत नाही. मला आणखी एक कोंबडा ओतायचाय. शेवटचा." मग बहिणीकडे न बघता म्हणाला, "शेपूट तू करायचीस. अंगणात बसून. सगळ्या गल्लीदेखत."

"गल्ली बोलेल."

"मला विचारायला सांग त्यांना."

"माझे हात थरथरतात आता."

"मग थरथरती पिसं कर. कोंबडा कधी स्थिर उभा असतो का?"

म्हणून मित्रांनो, मी आज पितळ ओतणाऱ्यांच्या गल्लीत, ओमोरेग्बेच्या अंगणात, चार विटांवर आहे. माझा रेडिएटर काढून झाला आहे. मेणावरची माती वाळली की तो वितळायला मुशीत जाईल. गल्लीतले दोन म्हातारे तीन दिवस अंगणाकडे पाठ करून बसत होते. चौथ्या दिवशी त्यांतला एक मेण कसे जमलेय ते बघायला आला आणि "जाड झालंय" असे म्हणून गेला. इझोगीने पीस पातळ केले.

तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. तुमच्या घरी गाडी असेल तर तिला वेळेवर पाणी घाला, तेल बदला, स्टार्टर गेला तर आधी तो दुरुस्त करा. तिला पळवा, आम्हाला ते आवडते. पण कुणाला कुठे वेळेवर पोचायचे असेल आणि जागा मिळत नसेल, तर आमची फार काळजी करू नका. आम्हाला कुठेही टाका आणि त्या माणसाबरोबर उतरा. गाडी रागावत नाही.

आता संध्याकाळ होत आली आहे. माझी मागची सीट काढून आंब्याखाली ठेवली आहे आणि तिच्यावर इझोगी मांडीवर मेण घेऊन बसली आहे. उयी फाटकापासून झाडापर्यंत आणि झाडापासून फाटकापर्यंत येरझारा घालतो आहे. चाळीस वर्षांत या सीटवर हजारो माणसे बसली. तो मात्र एकदाही बसला नाही.

"इवीचे बाबा," इझोगी मान वर न करता म्हणते आहे, "बसा की जरा."

तो थांबला आहे. सीटकडे बघतो आहे. आणि बसला.